भिंतीवरून येणारं पाणी

नळ खोकला.

आधी एक कोरडी उबळ, मग लांबलचक फुस्स, मग पुन्हा शांतता. दुपारचे सव्वातीन वाजले होते. घरात पंख्याशिवाय काही हलत नव्हतं. सासूबाई आतल्या खोलीत पायांखाली उशी घेऊन पडल्या होत्या. माझी साडेचार वर्षांची ज्युली माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, आणि मी एक हात तिच्या केसांत ठेवून दुसऱ्या हाताने लॅपटॉपवरचे ठिपके सरकवत होते. नळ दुसऱ्यांदा खोकला आणि ज्युलीने डोळे उघडले. शाळेच्या दिवसांत सकाळी दहा हाका मारल्या तरी ही पोर दगडासारखी पडून असते. नळाच्या खोकल्याला मात्र ताडकन उठते.

“आलं!” म्हणाली आणि पळाली.

वटारला, आमच्या गावात, पाणी एक दिवसाआड येतं, दुपारी, जेमतेम पाऊण तास. त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी स्वयंपाकघरातला पिंप, मग न्हाणीतली टाकी. मग सासूबाई, म्हणजे आल्बिना, मोरीच्या नळाला हिरवा पाइप लावतात आणि ज्युली त्याचं दुसरं टोक दोन्ही हातांत धरून अंगण ओलांडते. केळीखालून, तुळशीसारख्याच जपलेल्या अबोलीच्या कुंड्यांना वळसा घालून ती थेट कंपाउंडच्या भिंतीपाशी पोचते. भिंतीपलीकडून तोवर हाक आलेली असते.

“ज्युली, पायप दे गो माझी रानी!”

ती हाक हेलनमावशींची. वय बहात्तर, उंची ज्युलीपेक्षा फार जास्त नाही. नवरा बस्त्याव आठ वर्षांपूर्वी गेला, एक लेक आहे ती लग्न होऊन मेलबर्नला. मावशींचं माहेर मिठागराकडचं, त्यामुळे इथे पन्नास वर्षं काढूनही त्यांचं पाणी अजून ‘पानी’च आहे. सासूबाई त्यावरून त्यांना चिडवतात. सासूबाईंची स्वतःची बोली काय कमी आहे, पण ती मला कागदावर नीट उतरवता येत नाही, म्हणून त्यांचं बोलणं मी माझ्या मराठीत लिहिते. माझं माहेर तुळिंजचं, चौथ्या मजल्यावरचं. आमच्याकडे पाणी गच्चीवरच्या टाकीतून यायचं आणि ते कुठून येतं हा प्रश्न मला पंचवीस वर्षं पडला नव्हता.

हेलनमावशींच्या अंगणातही नळ आहे. पितळी, जुना, छान वजनदार. त्यांचं घर मागच्या आळीच्या अगदी शेवटी. पाणी तिथवर पोचेपर्यंत पाऊण तास संपलेला असतो. विहीर खारट झाली. म्हणून आठ वर्षं त्या नळाच्या मानेवर मावशी कपड्यांच्या चिमट्यांची पिशवी टांगतात, आणि पाणी आमच्या भिंतीवरून घेतात. पाइप परत देताना ज्युलीच्या हातावर काहीतरी पडतंच. कधी वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी, कधी जांभळं, कधी नुसतंच कागदात गुंडाळलेलं मोगऱ्याचं एक फूल.

तर त्या बुधवारी ज्युली पाइप घेऊन धावली आणि माझी मांडी रिकामी झाली. मला दहा मिनिटं मिळाली. माझं सगळं काम अशा दहा-दहा मिनिटांचं आहे.

काम थोडं सांगायला हवं. ठाण्याच्या एका लहानशा कंपनीसाठी मी घरून काम करते. कंपनी गावागावांच्या पाण्याचं मॉडेल बनवते, कॉम्प्युटरवरचं. पाइप म्हणजे रेघा, प्रत्येक नळजोडणी म्हणजे एक ठिपका, आणि ठिपका किती मोठा ते त्या घराला किती पाणी लागतं यावर. ठिपके रेघांना जोडले की सॉफ्टवेअर सांगतं, पाणी कुठे जोरात पोचेल आणि कुठे पोचणारच नाही. त्यावरून ठरतं, नवीन पाइप कुठे टाकायचा आणि कुठला जुना कायमचा बंद करायचा.

सॉफ्टवेअरला वाटतं, घराला जो पाइप जवळचा तोच त्याचा. गावात तसं नसतं. कोपऱ्यावरच्या मार्सेलच्या घरामागून पाइप जातो, पण त्याचा नळ नव्वद फुटांवरून आलेला आहे. कारण जवळच्या पाइपसाठी भावाच्या अंगणातून खणावं लागलं असतं, आणि एका बोरीच्या झाडावरून मार्सेल भावाशी बारा वर्षं बोलत नाही. असे ठिपके हाताने उचलून बरोबर रेघेवर ठेवायला मला घेतलंय. मी गावची सून. कोण कोणाशी बोलत नाही हे मला ठाऊक आहे, माझी पात्रता तेवढीच.

पण कोण कोणाला पाणी देतं, याच्याकडे मी लक्ष दिलं नव्हतं.

आदल्या दिवशी ठाण्याहून सुमेधने एक यादी पाठवली होती. सुमेध माझा वरिष्ठ, वयाने माझ्याहून सहा वर्षांनी लहान. यादीचं नाव ‘वगळायच्या जोडण्या’. ज्या मीटरचं वाचन दोन वर्षं शून्य आहे ते नळ बंद समजायचे आणि मॉडेलमधून काढायचे. एकोणीस होते. कुलूप लागलेले बंगले, बंद पडलेली भाताची गिरणी, असलंच काहीतरी असणार. ज्युलीला एका मांडीवर घेऊन तिला भात भरवता भरवता मी नुसते ग्राहक क्रमांक पाहिले आणि एकेक खूण करत गेले. नावांचा रकाना उघडलासुद्धा नाही.

आता, बुधवारी, समोर खिडकी होती आणि खिडकीत आमची भिंत. भिंतीवर हिरवा पाइप, आणि पलीकडे पांढऱ्या केसांचा इवलासा अंबाडा. लॅपटॉपवर तीच भिंत, तीच आळी वरून दिसत होती. अंबाडा जिथे असायला हवा तिथे काहीच नव्हतं. मार्सेलच्या कोपऱ्यापर्यंत रेघ निळी होती आणि तिथून पुढे, शेवटपर्यंत, करडी. शेवटचा ठिपका गेला म्हटल्यावर सॉफ्टवेअरने त्याच्याकडे जाणारा सत्तर मीटर पाइपही बिनकामाचा ठरवून टाकला होता.

मी नावांचा रकाना उघडला. अकरावं नाव: हेलन बस्त्याव तुस्कानो. मागची आळी. वाचन शून्य.

आणि आमच्या ठिपक्यापुढे एक पिवळं उद्गारचिन्ह आलं होतं. चार माणसांचं घर चारांपेक्षा जास्तच पाणी पितंय, म्हणून सॉफ्टवेअरने शंका काढली होती. त्यावर बोट ठेवलं की एकच शब्द उमटायचा: गळती?

हेलनमावशींचा चहा, भात, आंघोळ, सगळं गळती.

बाहेर सासूबाई ओरडत होत्या, “अगं हेलन, धर ना नीट, माझं अंगण पेरायचंय का तुला?” आणि पलीकडून, “तुझ्या नातीला सांग, ती मला भिजवते!” ज्युली खिदळत होती. मी सुमेधला फोन लावला.

“सुमेध, एकोणीस नाही, अठरा वगळायच्या.”

“कुठली ठेवायची, सँड्रा मॅडम?”

“मागच्या आळीतली शेवटची.”

त्याने यादी चाळल्याचा आवाज आला. “तिचं रीडिंग झीरो आहे. दोन वर्षं.”

“झीरो आहे कारण नळाला पाणीच येत नाही.”

“मग तिथे राहणारा माणूस पितो काय?”

“आमचं.”

“म्हणजे?”

“माझ्या सासूबाई भिंतीवरून पाइप टाकतात.”

“मॅडम, आता मी मीटिंगमध्ये काय सांगू? डिमांड भिंतीवरून येते?”

“तसंच सांग. खरं आहे ते.”

तो हसला. मनाने चांगला मुलगा आहे, फक्त त्याच्या डोक्यावर पन्नास गावं आहेत. “असं करा. पाणी येत नाही, असा ग्राहकाचा फॉर्म असतो. सहीसकट तो पाठवा. आणि किती पाणी लागतं तो आकडा, मोजून. शुक्रवारी पाचपर्यंत. पाचला फाइल जाते, मग माझ्या हातात काही नाही. ती रेघ तिथेच संपेल.”

“आणि एकदा संपली की?”

“नवीन योजनेत नसलेला पाइप पुन्हा कोण टाकणार, मॅडम?”

“मम्माऽऽ, झालीऽऽ!” न्हाणीघरातून ज्युली.

“झाली वाटतं,” सुमेध अदबीने म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

गुरुवारी दुपारी फॉर्म छापून घेतला आणि ज्युलीला घेऊन मागच्या आळीने हेलनमावशींकडे गेले. भिंतीवरून रोज दिसणाऱ्या घरी आपण दारातून किती कमी जातो. ओटीवर सुकेळी पसरलेली होती, उन्हात चिकट, सोनेरी झालेली. मावशी एकेक उचलून पानात बांधत होत्या. अंगणात पूर्वी मोगऱ्याच्या सहा ओळी होत्या, सासूबाई सांगतात. फादर चर्चमधल्या अल्टारसाठी इथूनच फुलं न्यायचे. आता एकच झाड होतं, तेही पत्र्याच्या डब्यात. त्याच्या मुळाशी ओल्या तांदळाचे दोन-चार दाणे. तांदूळ धुतलेलं पाणी त्याला मिळतं.

मावशींनी चष्मा लावून फॉर्म वाचला. बोट ठेवून, प्रत्येक ओळ. चौथ्या ओळीवर बोट थांबलं.

“‘सध्या पाणी कोठून मिळते.’ इथं काय लिहायचं?”

“जे आहे ते. आमच्याकडून.”

त्यांनी चष्मा काढला. “सँड्रा, मागं एकाला नोटीस आलेली. दुसऱ्याच्या वाडीत पायप टाकला म्हनून. मी इथं आल्बिनाचं नाव लिहू? आठ वर्षं जिनं पाजलं, तिचाच नळ कापायला सही देऊ?”

“असं काही होणार नाही, मावशी.”

“तू हापिसात आहेस काय?”

नव्हते. ज्युली एका सुकेळ्याचं पान सोडवत होती आणि जिभेची सगळी मदत घेत होती.

“सही नाही केली तर तुमचा पाइप काढून टाकतील,” मी म्हणाले.

“काढू दे. कोरडाच तर आहे.”

“पुन्हा मिळणार नाही.”

“मला कुठं शंभर वर्षं काढायचीत?”

मग मला राहवलं नाही. “मावशी, तुम्हाला यादीतून मीच काढलं. चुकून. नाव न बघता.”

मला वाटलं, त्यांना लागेल. त्या हसल्याच. पुढचा एकुलता दात दिसेपर्यंत हसल्या. “असं होय! मग घाल की परत. मला कशाला विचारतेस? पाप सांगायचं तर फादरपाशी सांग, कुमसाराला जा. मी माफ करून काय उपेग?” आणि ज्युलीच्या खिशात आणखी दोन सुकेळी कोंबून त्यांनी फॉर्म माझ्या हातात परत दिला, घडी घालून, अगदी प्रेमाने. निघताना पाहिलं, तर त्या उठून नळापाशी गेल्या होत्या. चिमट्यांची पिशवी जरा सरळ केली, आणि नळाची चावी उघडून बघितली. सवयीने असेल. मग बंद केली.

सासूबाईंना मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या तशाच तडक भिंतीशी जाऊन भांडल्या असत्या, आणि हेलनमावशींनी आणखी हट्ट धरला असता. या दोघी एकाच वर्षी सुना होऊन वटारला आल्या. दोघींची लग्नं एका आठवड्याच्या अंतराने झाली, आणि कोणाच्या जेवणात सोरपोटेल खारट झालं होतं यावर त्यांचं अजून एकमत नाही.

शुक्रवारी नळ दहा मिनिटं उशिरा खोकला. मी फॉर्म, पेन आणि मोजायचं भांडं घेऊन तयारच होते. सकाळी मावशींच्या बादलीच्या मापाचीच आमची बादली मोजून ठेवली होती, पंधरा लिटर. कळशी आठ. ज्युलीच्या हातात खडू दिला आणि सांगितलं, हेलन आजीची एक बादली भरली की भिंतीवर एक रेघ.

“ज्युली, पायप दे गो माझी रानी!”

पाइप गेला. बादलीत पाणी पडायचा आवाज आधी खणखणीत येतो, मग जाड होत जातो. एक रेघ. दोन. तीन. चौथी रेघ ज्युलीने फारच लांब काढली, केळीपर्यंत. मग कळशीचा बारीक आवाज, आणि पाइपचं टोक भिंतीवरून परत आलं.

“झालं?” मी विचारलं.

“झालं की.”

“एवढंच?”

“मला एकटीला किती लागतं?”

मी हिशेब केला. अडुसष्ट लिटर, आणि तेही दोन दिवसांचं. दिवसाला चौतीस. मॉडेलमध्ये आम्ही माणशी एकशे पस्तीस धरतो, तो नियमच आहे. मावशी त्याच्या चौथ्या भागात आंघोळ, भांडी, चहा, भात आणि डब्यातलं एक झाड उरकत होत्या. आठ वर्षं मी भिंतीच्या या बाजूला होते आणि माझी समजूत होती की त्यांना पुरतं म्हणून त्या थांबतात.

“मी रोज ओरडते, अजून घे!” सासूबाई मोरीतून म्हणाल्या. “चार बादल्या झाल्या की पाइप असा परत टाकते जसा काय साप आहे.”

“दुसऱ्याच्या नळाचं पानी,” पलीकडून आवाज आला, “हात आखडूनच घ्यावं.”

“दुसऱ्याच्या? मी दुसरी काय गं?”

“आजी,” ज्युली म्हणाली, खडू चाखत, “हेलन आजी सही करत नाही. मम्माने कागद दिला तरी करत नाही.”

झालं. सासूबाई गुडघे धरत अंगणात आल्या. “कसली सही?”

मला सगळं सांगावं लागलं. यादी, माझी खूण, करडी रेघ, फॉर्म, चौथी ओळ. भिंतीपलीकडे अंबाडा हलेना. पाइपातून थेंब थेंब केळीच्या मुळाशी पडत होते.

सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं, मग भिंतीकडे वळल्या. “हेलन, लिही माझं नाव. मोठ्या अक्षरात लिही.”

“तुझा नळ कापतील, आल्बिना.”

“कापू देत. मग दोघी हंडे घेऊन बावखलाच्या तळ्यावर जाऊ, नव्या नवऱ्या होतो तेव्हा जायचो तशा.”

“तुझ्या या गुडघ्यांनी?”

“हंडे तू आण. मी गप्पा मारते.”

“तेव्हा तरी दुसरं काय करत होतीस?”

मी हसले, ज्युलीला काही कळलं नाही तरी तीही हसली. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. भिंतीवर हात टेकून उभ्या राहिल्या.

“आणि मी आधी गेले तर?” त्या म्हणाल्या. “हे डेरिक-सँड्रा आज इथे आहेत. उद्या पोरीच्या शाळेसाठी कुठे गेले, घराला कुलूप लागलं, तर तुला पाणी कोण देणार? बोल.”

डेरिक माझा नवरा. जायचा काही बेत नाही आमचा.

“तू आधी जायची नाहीस,” हेलनमावशी म्हणाल्या. “तुझ्या जिभेसकट तुला वर कोन घेईल?”

“मस्करी नको. बोल.”

पलीकडे कळशी उचलून पुन्हा खाली ठेवल्याचा आवाज झाला.

“मला माझं पानी नको असं नाही, आल्बिना,” शेवटी आवाज आला, हळू. “नळाखाली हात धरावा, सकाळी उठून दोन तांबे मोगऱ्याला घालावे, कोनाला न विचारता. वाटतं की. पन…”

त्या थांबल्या. भिंतीवरून त्यांचे डोळे दिसत होते. त्या पाइपच्या टोकाकडे बघत होत्या, म्हणजे ज्युलीच्या हातांकडे.

“पण काय?” सासूबाई.

“काही नाही. दे तो कागद इकडं. आनि सँड्रा, एक वाक्य घालशील तर सही करीन.”

मी भिंतीवरच फॉर्म ठेवला. चौथ्या ओळीत त्यांनी स्वतः लिहिलं: आल्बिना. आडनाव लिहायचं त्यांना सुचलंच नाही. खाली शाळेतल्यासारखी सुटी सुटी अक्षरं काढून सही केली. मग ‘शेरा’ असं छापलेल्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवून मला सांगितलं आणि मी लिहिलं: हे पाणी चोरून घेतलेलं नाही. आठ वर्षे आल्बिनाने हाक मारून दिलेलं आहे.

“हाक मी मारत नाही, तू मारतेस,” सासूबाई म्हणाल्या.

“लिहिलं ते लिहिलं. खोडाखोड चालत नाही.”

साडेचार झाले होते. ज्युलीला तिच्या आजीकडे सोपवून मी लॅपटॉपसमोर बसले. शेवटच्या ठिपक्यावरची खूण काढली आणि तो परत उमटला, आळीच्या टोकाला, एकटा. आमच्या ठिपक्यातून चौतीस लिटर वजा केले. पिवळं उद्गारचिन्ह गेलं. आता मावशींच्या ठिपक्यात किती घालायचे? सुमेधने मोजलेला आकडा मागितला होता. मोजलेला आकडा चौतीस होता, तो खराही होता. पण तेवढंच लिहिलं असतं तर नवा पाइपही हात आखडून आला असता. मी टिपणात दोन्ही लिहिले: मोजलेलं पाणी चौतीस, कारण दुसऱ्याच्या नळावरून घेतात. लागणारं पाणी एकशे पस्तीस. ठिपक्यात एकशे पस्तीस घातले. मोगऱ्यासाठी वेगळा रकाना नाही.

मग मॉडेल चालवलं. जुन्या बारीक पाइपवर शेवटचा ठिपका लालच राहिला. पाइप एक माप वाढवला. मार्सेलच्या कोपऱ्यापासून पुढे रेघ सरकत सरकत निळी झाली, आणि टोकाचा ठिपका हिरवा. हिरवा म्हणजे अंगणातल्या नळाला जोर पुरेसा आहे. मी उगाच दोनदा चालवलं. दोन्ही वेळा हिरवा.

चार सत्तेचाळीसला फाइल गेली, फॉर्मच्या फोटोसकट. चार पन्नासला सुमेधचा मेसेज आला: “ठेवली. पण मॅडम, हा शेरा रिपोर्टमध्ये कसा टाकू?” मी लिहिलं, “आहे तसा.” त्यावर त्याने फक्त एक अंगठा पाठवला. पाठोपाठ आणखी एक: “माझी आजी पण अशीच. सफाळ्याला असते.”

पाइप काही उद्या येणार नाही. मंजुरी, खणणं, पुढचं वर्ष उजाडेल. पण आता तो नकाशावर आहे, आणि जे नकाशावर आहे ते कुणाला तरी एक दिवस करावं लागतं.

सासूबाई आत चहा ठेवत होत्या. भिंतीशी कुणी नव्हतं. खडूच्या चार रेघा तेवढ्या होत्या, चौथी केळीपर्यंत गेलेली. ज्युली ओल्या फ्रॉकनेच माझ्या मांडीवर चढली. अंगाला पाइपच्या रबराचा वास, तोंडाला सुकेळ्याचा.

“यात हेलन आजी कुठाय?”

मी हिरवा ठिपका दाखवला. तिने त्यावर चिकट बोट ठेवलं.

“आणि आपण?”

“हे आपण. मम्मा, डॅडी, आजी, ज्युली, सगळे इथे.”

“मधली भिंत?”

“भिंत यात नसते.”

“आपला हिरवा पाइप?”

“तोही नाही.”

तिने दोन्ही ठिपके नीट पाहून घेतले. परवाच्या, त्याच्याही पुढच्या कितीतरी दुपारींची ती मनात जुळवाजुळव करत असावी, कारण तिचं कपाळ आक्रसलं होतं, कठीण कोडं असलं की आक्रसतं तसं.

“मम्मा,” ती म्हणाली, “हेलन आजीच्या नळाला पाणी आलं ना, की मग ती मला हाक कशाला मारेल?”